मांडव नाही, वर्गणी नाही: त्या दोन वर्षांत तुमच्या मंडळाने काय केलं?

परवा मंडळाचं कपाट आवरताना २०२० चं पावतीपुस्तक सापडलं. सवयीने छापून घेतलेलं, एकही पावती फाडलेली नाही. त्यावरून हा धागा. कोविडच्या काळात गणपती, दहीहंडी, शिवजयंती, शिबिरं, सहली या सगळ्याचं तुमच्या तरुण मंडळाने काय केलं? फसलेलं आधी लिहा. सुरुवात मीच करतो.

आमचं पुण्यातल्या पेठेतलं छोटं मंडळ. जुलैत नियम आले: सार्वजनिक मूर्ती ४ फुटांपर्यंत, घरची २. आमची मूर्ती मुळातच लहान, त्यामुळे तिथे काही अडलं नाही. अडलं वर्गणीपाशी. ज्यांची दुकानं मार्चपासून बंद, त्यांच्यापुढे पावतीपुस्तक धरायचं कोणत्या तोंडाने? वर्गणी रद्द केली. मग मांडववाले काका आठवले. त्यांचे बांबू गोदामात पडून, कामगार गावी गेलेले. शिलकीतून त्यांना दरवर्षीच्या निम्मे पैसे द्यायचे ठरले, मांडव न घालताच. "हिशेबात लिहू काय?" हा खजिनदाराचा प्रश्न रास्त होता. त्यावर रात्री एक वाजेपर्यंत भांडलो आणि 'मांडव आगाऊ, २०२१' असं लिहिलं. २०२१ लाही मांडव पडला नाही. ती नोंद अजून तशीच आहे.

आरती व्हिडिओ कॉलवर केली. कुणी करू नका. एकाचं 'घालीन लोटांगण' चालू, दुसरा अजून शंकराच्या आरतीत.

ढोलवाला
आमच्या पथकाचा सराव एरवी गणपतीच्या दोन महिने आधी नदीकाठी सुरू होतो. त्या वर्षी ढोल खोलीतून बाहेरच आले नाहीत. पावसाळाभर बंद खोली, चामड्याची पानं. ऑक्टोबरमध्ये दार उघडलं तर बुरशी. निम्मी पानं फेकली. नव्या पोरांना ताल मोबाइलवर शिकवायचा बेत होता. उशीवर टिपरू मारून हात बसत नाही. एकाने गच्चीवर प्लास्टिकचा पिंप वाजवला, सोसायटीचं पत्र आलं.

दादरकर
आमचं रक्तदान शिबिर म्हणजे एरवी जत्रा: रांग, चहा-बिस्किटं, जाताना स्टीलचा डबा. २०२० मध्ये कॉलेजं बंद, तिथली शिबिरं बंद, आणि रक्तपेढ्यांकडून मात्र सारखी विचारणा. लालबागच्या राजाच्या मंडळाने त्या वर्षी मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला, रक्तदान आणि प्लाझ्मादान. आम्हाला तेवढं जमणार नव्हतं. आम्ही फक्त वेळा वाटून दिल्या, दर पंधरा मिनिटांनी दोघं. दिवसभरात माणसं कमी आली, पण पुढच्या महिन्यात पुन्हा घेता आलं. एकाच दिवशी सगळ्यांना बोलावण्यापेक्षा हे बरं, हे आम्हाला आधी का सुचलं नाही कोण जाणे. १ मे २०२१ ला १८ वर्षांपुढच्यांचं लसीकरण सुरू होणार होतं. लशीनंतर २८ दिवस रक्त देता येत नाही असा तेव्हाचा नियम (पुढे तो १४ दिवसांवर आला). म्हणून एप्रिलमध्ये पोरांच्या मागे लागलो: आधी रक्त द्या, मग लस घ्या.

किल्लेवेडा
ऑनलाइन गडकिल्ले प्रश्नमंजुषा. पहिल्या रविवारी साठ जण, तिसऱ्या रविवारी चौघं. त्यात एक माझी बायको.

रत्नागिरीहून
सगळे गोड गोड लिहितायत म्हणून लिहिते. २०२० मध्ये गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांना १४ दिवस विलगीकरण, पुढे ते १० दिवसांवर आलं. आमच्याकडे जागा म्हणजे शाळा. मंडळातल्या पोरांनी दोन वेळचं जेवण गेटवर नेऊन ठेवायचं ठरवलं. डबे पोचले, पण बोलणं तुटलं. ज्यांच्या पैशावर मंडळाची कबड्डीची मॅट आली, त्यांनाच गेटबाहेरून 'डबा ठेवलाय' म्हणून ओरडून सांगायचं. एका काकांनी डबा परत पाठवला. त्यांचा मुलगा आजही स्पर्धेला येत नाही. चूक कुणाची, मला सांगता येणार नाही. भीती दोन्हीकडे होती.

अभ्यासिकेतली ताई
आमची अभ्यासिका वस्तीतली, बंद पडली. आठ-दहा मुली रिकाम्या बसलेल्या, त्यांनी लशीच्या नोंदणीचं काम उचललं. को-विनवर एका मोबाइलवर चौघांची नोंदणी होत असे, आणि सुरुवातीला सगळं इंग्रजीत. स्लॉट उघडायचे आणि ओटीपी येईपर्यंत संपायचे. मग मुलींनी वाटणी केली: एक स्क्रीनवर, एक फोनवर "काकू, आता मेसेज आला का? आकडे वाचा," म्हणत. काही आज्यांना आकडे वाचता येत नव्हते, तिथे नातवाला शाळेचा पहिला खराखुरा उपयोग सापडला. गैरसमजही झाले, एकींना वाटलं, नोंदणी झाली म्हणजे लस झाली.

मुलींनी नंतर बजावून सांगितलं, आता ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. तरी परवा एका काकूंचा फोन आलाच: "ताई, आकडे आलेत, वाचू का?" गॅस सिलिंडरचे होते.