नाशिकरोड कारागृह आणि जेल रोडची वस्ती: हा इतिहास कुठे सापडेल?

दसककर (प्रश्न):
अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या लेव्हनवर्थ गावाविषयी वाचत होतो. तेथील संघीय तुरुंग बांधण्यासाठी जवळच्या लष्करी तुरुंगातील कैद्यांना रोज पायी आणले जात असे. परदेशस्थ भारतीयांच्या ब्रिटिशविरोधी गदर चळवळीशी संबंधित तारकनाथ दास यांनीही पुढे तेथेच शिक्षा भोगली. आपल्याकडे नाशिकरोडच्या कारागृहाचा विषय निघाला की साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत तेथे ‘श्यामची आई’ लिहिली, एवढे सांगून लोक थांबतात. भिंतीबाहेर जेल रोडची एवढी मोठी वस्ती वाढली. तिचा आणि कारागृहाचा संबंध कुठे नोंदलेला मिळेल?

गोदाकाठ:
राजबंद्यांचा इतिहास साने गुरुजींपाशी संपत नाही. सविनय कायदेभंगाच्या काळात जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता यांच्यासारखी मंडळी येथे एकत्र आली आणि त्यांच्या चर्चांतून १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष आकाराला आला. आणीबाणीतही ‘मिसा’ या अंतर्गत सुरक्षा कायद्याखालील अनेक स्थानबद्ध येथे होते.

दप्तरवाचक:
आपल्याकडे संघीय तुरुंग हा प्रकारच नाही. तुरुंग हा राज्यसूचीतील विषय आहे, त्यामुळे दिल्लीपेक्षा मुंबईत, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागारात, शोध सुरू करावा. मुंबई इलाख्याच्या तुरुंग प्रशासनाचे वार्षिक अहवाल अवश्य चाळावेत. राजबंद्यांच्या आठवणींत सामान्य कैदी क्वचितच दिसतो. १९२९ मध्ये राजबंद्यांना चांगली वागणूक मिळावी म्हणून लाहोरच्या तुरुंगात केलेल्या उपोषणात जतींद्रनाथ दास यांचे निधन झाल्यावर पुढच्या वर्षी कैद्यांचे अ, ब, क वर्ग ठरले, आणि वरच्या वर्गांत लिहिण्या-वाचण्याच्या सवलती ज्यांना मिळाल्या त्यांच्याच आठवणी प्रामुख्याने आपल्यापर्यंत पोहोचल्या. जमिनीविषयी जेल रोड परिसरातील दसक-पंचक या गावांच्या जुन्या फेरफार नोंदी पाहाव्यात.

जेलरोडवासी:
माझे बालपण याच रस्त्यावर गेले, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. वस्तीच्या वाढीचे सारे श्रेय कारागृहाला देणे मला योग्य वाटत नाही; रेल्वे स्थानक आणि १९२० च्या दशकात सुरू झालेले नोटांचे व मुद्रांकांचे छापखाने यांच्यामुळे येथे कामगार स्थिरावले. कारागृहाचा ठसा मात्र वेगळा आहे. शिपायांच्या वसाहतीतील मुले आमच्याच वर्गात असत आणि वडिलांच्या रात्रपाळीवर त्यांच्या घरातले सारे वेळापत्रक ठरे. मुलाखतीसाठी, म्हणजे आतल्या माणसाच्या भेटीसाठी, दूरच्या जिल्ह्यांतून आलेल्या बायका पहाटेच्या गाडीने उतरून, कडेवर मूल आणि हातात पिशवी घेऊन, रस्ता विचारीत येत. त्यांच्याकडे कुणी वाकड्या नजरेने पाहिले तर आमची आजी संतापत असे. बंद्यांनी घडवलेल्या वस्तूंच्या विक्रीमुळे गावातल्या अनेक घरांचा आतल्या माणसांशी संबंध आला, आणि अलीकडे त्यांच्या गणेशमूर्तींनाही चांगली मागणी असते. हे सारे कोणत्याही अहवालात सापडणार नाही. त्यासाठी निवृत्त शिपाई, त्यांच्या पत्नी आणि मुलाखतीला येणाऱ्यांना चहा देणारे टपरीवाले यांच्याशी बोलावे लागेल, आणि तेही लवकर, कारण ती पिढी आता थकली आहे.

दप्तरवाचक:
सहमत आहे. बोलणे ध्वनिमुद्रित करण्यापूर्वी मात्र लेखी संमती घ्यावी आणि कोणत्याही बंद्याचे किंवा त्याच्या नातेवाइकांचे नाव छापू नये. शिक्षा भोगून बाहेर आलेल्या माणसाला आणि त्याच्या मुलांना याच वस्तीत राहायचे असते.