बाहुलीघर, मिनिएचर आणि बारीक भोकं : तुमची स्वस्त हत्यारं, तुमचे अनुभव

सुतारपक्षीण :
काल माळा आवरताना बाबांचा घड्याळदुरुस्तीचा पत्र्याचा डबा हाती लागला. त्यात ते पिळाच्या दांडीचं ड्रिल होतं, मधली गोटी वर-खाली सरकवली की टोक गरागरा फिरतं ते. लहानपणी काड्यापेट्या चिकटवून कपाट करायचे, खणांना मण्यांच्या मुठी. मण्याच्या तारेसाठी भोक मात्र बाबाच पाडून देणार, मला हात लावायची बंदी!
आता मी स्वतः १/१२ मापाची घरं करते. या मापात आपला १ मिमी म्हणजे खऱ्या घरातले १२ मिमी. कडीसाठी २ मिमीचं भोक पाडलं तर खऱ्या दारात ते जवळपास इंचभर भगदाड झालं. त्यामुळे माझं बहुतेक काम अर्धा ते एक मिमीत. पिन व्हाइस वापरते, म्हणजे ड्रिलचं बारीक टोक (बिट) धरून बोटांनी फिरवायची छोटी मूठ. सेलवर चालणारं स्वस्त ड्रिलही आहे, पण त्याचं टोक डुगडुगतं आणि भोक लंबगोल होतं. माझं मत : कमी पैशात मोटार घेण्यापेक्षा हाताची मूठ आणि चांगली बिटं घ्यावीत. तुम्ही काय वापरता, लिहा. फोटो नसले तरी चालेल.

खटपट्या :
पिन व्हाइस झिंदाबाद. फक्त घेताना मागची टोपी मोकळी फिरते ना ते बघा. ती तळव्यात टेकवायची आणि खालचा भाग बोटांनी फिरवायचा. टोपी जाम असेल तर तळव्याची सालटं निघतात. आणि बिट लावून हवेतच फिरवून बघा, टोक एका जागी न राहता रिंगण घालत असेल तर तसंच परत ठेवा.

भिंगवाली :
टोच्या! टोच्या! टोच्या! आधी टोच्याने खड्डा, मग बिट. नाहीतर बिट लाकडाच्या रेषेवरून घसरत जातं आणि आपण बसतो खिडकीच्या मधोमध भोक बघत.
बाकी नंतर लिहिते, कुकर झालाय.

मोटारप्रेमी :
सुतारपक्षीण, अर्धाच सहमत. माझ्या अंगठ्याच्या सांध्यात संधिवात आहे, पिन व्हाइस पाच मिनिटांत रडवतं. माझ्यासारख्यांना मोटारच हवी, पण वेग कमी-जास्त करता येणारी. सगळ्यात हळूवर ठेवायची, क्षणभर टेकवायची, उचलायची. अ‍ॅक्रिलिकवर जोरात चालवलं तर भोक पडतच नाही, प्लास्टिक वितळून बिटालाच चिकटतं. गार झालं की बिट आत अडकून बसतं.

खटपट्या :
@मोटारप्रेमी काका, मूठ जाड करून बघा की. पिन व्हाइसवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवायचा. बोटांना कमी आवळावं लागतं.

मोटारप्रेमी :
काका कोणाला म्हणतोस रे. पण ट्यूब बघतो चढवून.

रिकामा_डबा :
मी तर शिवणकामाची सुई वापरतो 😀 नेढ्याच्या मधोमध पक्कडीने तोडायची, दोन टोकं उरतात, ती खाली करून मुठीत पकडायची. बाल्सा (मऊ, हलकं लाकूड) आणि आइस्क्रीमच्या काड्यांत मस्त चालते. धातूत नाही. तोडताना सुई कापडात गुंडाळा, तुकडा डोळ्याकडे उडतो.

ओवीची_आई :
कोणी सांगेल का, बाहुलीघरात दिवे लावायचेत, लेक मागे लागलीय. कुठलं भोक पाडू?

विजेचा_किडा :
@ओवीची_आई ताई, छोटा गोल एलईडी ३ मिमीचा असतो, तो आरपार बसवायचा तर ३ मिमीहून केसभर मोठं. पण छताच्या आतच चिकटवला तर नुसत्या तारा बाहेर काढायच्या, मुलामा दिलेली बारीक तार ०.८ मिमीतून आरामात जाते. भोक भिंतीच्या कोपऱ्यात पाडा, वरून पट्टी मारली की दिसत नाही.
आणि बटण सेल लावणार असाल तर त्याचा डबा स्क्रूचा घ्या. लहान मुलाने सेल गिळला तर अन्ननलिका भाजते, दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते. हे गमतीत घेऊ नका.

ओवीची_आई :
बाप रे. स्क्रूचाच घेते. लेक पाच वर्षांची आहे, पण धाकटा सगळं तोंडात घालतो. कालच खोडरबर काढलं.

भिंगवाली :
झाला कुकर. तर राहिलेलं : ज्यात भोक पाडायचं त्याच्याखाली टाकाऊ लाकडाचा तुकडा दाबून धरा, म्हणजे बिट बाहेर पडताना खालचा पापुद्रा उचकटत नाही. वर मास्किंग टेप. काठाजवळ लागणार असेल तर पट्टी कापायच्या आधीच भोक पाडा, नंतर पाडलं की ती फाटतेच. आणि दर दोन-चार फेऱ्यांनी बिट बाहेर काढून भुसा झटका. बारीक बिटं बहुतेक वेळा भुसा अडकूनच मोडतात.

जुना_जाणता :
बिटांबद्दल कोणी बोललंच नाही. सर्किट बोर्डाला भोकं पाडायची कार्बाइडची (फार कठीण पदार्थाची) बिटं स्वस्तात मिळतात, बूड ३.१७५ मिमी जाड. दिसायला छान, धार भयंकर. पण कार्बाइड ठिसूळ. हाताने फिरवताना जरा तिरका जोर आला की कट्. ती स्टँडला बांधलेल्या ड्रिलसाठी. हाताला एचएसएसच (हाय-स्पीड स्टीलची) बरी, थोडी वाकून घेतात. ०.५ च्या खाली जाणार असाल तर एकाच मापाची चार-पाच घेऊन ठेवा, रंगीबेरंगी डब्यातल्या सगळ्या मापांच्या संचापेक्षा ते परवडतं. संचातली निम्मी मापं कधी लागतच नाहीत.

सुतारपक्षीण :
जुना_जाणता, हे अगदी पटलं. माझ्याकडे संचातली २ मिमीची बिटं नवीकोरी पडून आहेत, कोणाला हवीत?

पुस्तकी_किडा :
अवांतर. १/१२ वरून आठवलं, इंग्लंडच्या विंडसर किल्ल्यातलं क्वीन मेरीचं बाहुलीघर त्याच मापाचं. वास्तुविशारद लट्यन्सने आराखडा केला, १९२१ ते १९२४ मध्ये बांधलं. वीज, लिफ्ट, नळाला पाणी, सगळं चालणारं. आणि अमेरिकेत फ्रान्सेस ग्लेसनर ली हिने १९४० च्या दशकात त्याच मापात चक्क मृत्यूची दृश्यं केली, तपास करणाऱ्यांना निरीक्षण शिकवायला. रक्ताच्या डागांसकट!

रिकामा_डबा :
बाहुलीघरात खून?? आमच्याकडे नुसता सोफा हरवला तरी घरभर तपास चालतो.

ओवीची_आई :
😂😂

निवांत_बसलोय :
मी काहीच करत नाही, नुसतं वाचतो. बायको करते. तिच्या टेबलाखालून अनवाणी जायचं नाही एवढा माझा अनुभव.

मोटारप्रेमी :
ट्यूब चढवली. फरक आहे बरं का. बाल्सापुरतं मोटार न काढता काम झालं, सागाला मात्र अंगठा नाहीच म्हणाला.
आणि एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड) नाहीतर रेझिनला भोकं पाडणाऱ्यांनो, मास्क घाला. ती धूळ हवेत तरंगत राहते.

ओवीची_आई :
@विजेचा_किडा दादा, ०.८ चं बिट नाहीये, १ चं आहे. चालेल?

विजेचा_किडा :
पळेल. तार ओवली की गोंदाचा एक थेंब सोडा.