मदत हवी आहे : एक्सपीचं मशीन चालू आहे तोवर रिकव्हरीची तयारी कशी करून ठेवावी?

नमस्कार मंडळी,

सांगली जिल्ह्यात आमचा छोटा छापखाना आहे. पानं लावण्याचं जुनं काम पेजमेकर ७ आणि श्रीलिपी या मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरवर झालंय, आणि ते ज्या मशीनवर उघडतं त्यावर विंडोज एक्सपी प्रोफेशनल, सर्व्हिस पॅक ३ आहे. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, म्हणून त्याला नेट जोडलेलं नाही. कृपया "नवीन घ्या" सांगू नका, नवीन मशीन शेजारीच आहे. पण श्रीलिपीचं लॉक (जे लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही ते उपकरण) जुनं, प्रिंटर पोर्टला लागणारं आहे आणि फायली युनिकोडमध्ये नाहीत. कन्व्हर्टरमधून काढल्या की जोडाक्षरं आणि रफार तपासत बसावं लागतं, शिवाय पानाची मांडणी जाते ती जातेच. यात वडिलांनी लावलेल्या देवस्थानाच्या स्मरणिका आहेत, शाळांचे अंक आहेत आणि गावातल्या एका कवीचा संग्रह आहे, ज्याचं हस्तलिखित आता त्यांच्या घरीही नाही. हे मला जाऊ द्यायचं नाहीये.

हार्ड डिस्क ८० जीबीची, साटा जोडणीची. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो पिवळा रंग दाखवतंय, 'करंट पेंडिंग सेक्टर' (नीट वाचता न येणाऱ्या जागा) शून्य नाही. मशीन अजून व्यवस्थित चालू होतं. दुरुस्तीवाले म्हणाले, चेकडिस्क (डिस्कवरच्या चुका शोधून दुरुस्त करणारा विंडोजचा हुकूम) मारा नाहीतर फॉरमॅट करून नवीन टाका. मला दोन्हीची भीती वाटते.

जवळ काय आहे : एक्सपीची मूळ सीडी (सर्व्हिस पॅक २ ची), चालू डीव्हीडी ड्राइव्ह, १ जीबी रॅम. पेनड्राइव्हवरून बूट होत नाही. फ्लॉपी ड्राइव्ह नाही. मदरबोर्डची ड्रायव्हर सीडी हरवली आहे.

विंडोजच्या बॅकअप युटिलिटीत 'ऑटोमेटेड सिस्टम रिकव्हरी' (अख्खी सिस्टम परत आणायची सोय) दिसतं, ते करू का? रिकव्हरी कन्सोल (विंडोज चालू होत नसेल तेव्हा दुरुस्तीचे हुकूम देण्याची जागा) डिस्कवरच टाकून ठेवू का? आणि सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद १

ताई, चेकडिस्क आत्ता अजिबात चालवू नका, विशेषतः '/आर' लावून. ते अख्खी डिस्क वाचतं आणि वाचता वाचता फाइल टेबलात (कोणती फाइल कुठे आहे याच्या यादीत) बदलही करतं. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर असं लिहिणं म्हणजे जे बचावलं असतं तेही घालवणं. आधी डिस्कची प्रत, बाकी सगळं नंतर.

प्रतीसाठी ३२ बिटवर चालणारी जुनी लिनक्स रेस्क्यू सीडी बनवा, तिच्यात डीडीरेस्क्यू हे खराब डिस्कची प्रत काढायचं साधन असतं. पहिली फेरी '-एन' लावून, म्हणजे खराब जागांशी झगडत न बसता चांगला भाग आधी उचलला जातो. मॅप फाइल (कुठला भाग वाचून झाला याची नोंद) द्यायला विसरू नका आणि ती पेनड्राइव्हवर ठेवा. तिच्यामुळे दुसऱ्या फेरीत फक्त राहिलेल्या जागा वाचल्या जातात. क्लोनझिला हे डिस्कची प्रत काढायचं दुसरं साधनही चांगलं आहे, पण वाचताना चूक आली की थांबतं, त्याला '-रेस्क्यू' हा पर्याय द्यावा लागतो. कोणती डिस्क जुनी आणि कोणती नवी हे मॉडेल व सीरियल नंबर कागदावर लिहून दोनदा पडताळा. उलटं झालं तर मूळच पुसलं जाईल.

ऑटोमेटेड सिस्टम रिकव्हरीच्या मागे लागू नका. परत आणताना सेटअपमध्ये एफ२ दाबल्यावर ते फ्लॉपीच मागतं. मात्र प्रत झाल्यावर, त्या प्रतीवरून मशीन चालू करून, त्याच बॅकअप युटिलिटीतून 'सिस्टम स्टेट'चा (विंडोजच्या मुख्य फायलींचा) बॅकअप जरूर घ्या. तो घेतला की विंडोजच्या 'रिपेअर' फोल्डरमधल्या रजिस्ट्रीच्या (विंडोज आणि सॉफ्टवेअरच्या नोंदींच्या) प्रती ताज्या होतात. नाहीतर तिथे एक्सपी टाकलं त्या दिवशीची रजिस्ट्री पडून असते, आणि ती परत आणली तर श्रीलिपीची नोंदही त्यात सापडणार नाही.

रिकव्हरी कन्सोल डिस्कवर टाकलं तर डिस्कबरोबर तेही जाईल. सीडीवरून बूट करून 'आर' दाबलं की ते येतं. फिक्सएमबीआर, फिक्सबूट, बूटसीएफजी हे मशीन चालू होण्यातला बिघाड दुरुस्त करणारे तिथले कामाचे हुकूम. ते अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागतं. नेहमीच्या लॉगिनचा नव्हे, मूळ अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा! तो आजच तपासून घ्या. तुमची सीडी सर्व्हिस पॅक २ ची आहे, म्हणून एनलाइट या सॉफ्टवेअरने त्यात सर्व्हिस पॅक ३ मिसळून नवी सीडी जाळा. मदरबोर्डचे ड्रायव्हर चालू सिस्टममधून 'डबल ड्रायव्हर' या सॉफ्टवेअरने काढून त्याच सीडीसोबत ठेवा.

शेवटी मूळ डिस्क काढा, प्रत लावा, लॉक लावा आणि पेजमेकरमध्ये एखादी स्मरणिका उघडून पाहा. तोवर प्रत झाली असं धरू नका.

प्रतिसाद २

वरच्याला +१. एक भर. पुढेमागे दुसऱ्या बोर्डवर ही डिस्क लावायची वेळ आली तर बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) साटा 'आयडीई' या जुन्या मोडवर ठेवा. एक्सपीच्या सीडीत एएचसीआय या नव्या मोडचा ड्रायव्हर नाही, त्यामुळे तो मोड असला की निळी स्क्रीन येते, ७बी या एरर नंबरवाली. व्हर्च्युअल मशीनचा (नव्या मशीनच्या आत सॉफ्टवेअरने एक्सपी चालवण्याचा) विचार मनात असेल तर प्रिंटर पोर्टचं लॉक तिथे चालेल असं गृहीत धरू नका.

आणि एक कळकळीने सांगतो : प्रतीवरून मशीन चालू झालं की सगळी पानं पोस्टस्क्रिप्टमध्ये (छपाईच्या फाइलच्या स्वरूपात) काढून फाँटसकट पीडीएफ करून ठेवा. आधी तो कवितासंग्रह.

धागाकर्ती

मनापासून आभार. पीडीएफचं डोक्यातच आलं नव्हतं. संग्रहापासूनच सुरुवात करते. बाजारात ८० जीबीची नवी डिस्क मिळत नाही, ५०० जीबीची आणली आहे. तिच्यावर प्रत केली तर चालेल ना?

प्रतिसाद १

चालेल. ८० जीबी जशीच्या तशी उतरेल, उरलेली जागा रिकामी दिसेल. तिच्यावर डिस्क मॅनेजमेंटमधून वेगळं पार्टिशन करा, सी ड्राइव्ह वाढवायच्या फंदात आत्ता पडू नका. फक्त २ टीबीच्या वरची डिस्क एक्सपीसाठी घेऊ नका. आणि मूळ डिस्क पुसू नका. नाव-तारीख लिहून कपाटात ठेवा.