‘घरचे सगळे’ ग्रुप: मनूचं कॉलेज

बाबा: मंडळी, मनू अमेरिकेत लिबरल आर्ट्सलाच (कला-विज्ञान सगळं शिकवणारी छोटी कॉलेजं) जायचं म्हणतेय. यादी: कोलोराडो कॉलेज, विल्यम्स, बोडिन, मिडलबरी. चारही ठिकाणी मुलं म्हणे सतत डोंगरात. बेबी, तू तिकडे आहेस, जरा बघ ना.

अण्णा (ठाणे): डोंगरच चढायचा तर रविवारी राजमाचीला जावं. त्यासाठी वर्षाला ८० हजार डॉलरच्या वर?

मनू: अण्णाकाका, जिऑलॉजी करायचंय हो. दगड काय फक्त पीपीटीत बघू?

आत्या (न्यू जर्सी): मनू, कयाकिंगचे फोटो सगळेच छापतात, त्यांना भुलू नकोस. मुलांना बाहेर पडायला वेळ कधी मिळतो ते बघ. कोलोराडोत १९७० पासून ब्लॉक प्लॅन आहे. एका वेळी एकच विषय, साडेतीन आठवडे. बुधवारी दुपारी संपला की थेट सोमवारपर्यंत सुट्टी. मुलं खरंच तंबू घेऊन निघतात. जिऑलॉजीचा वर्ग तर आठवडाभर फील्डवर राहू शकतो, कारण दुसरा कुठला तास बुडतच नाही.

अण्णा: साडेतीन आठवड्यांत अख्खा विषय??

आत्या: तीच तर मेख आहे, अण्णा. दोन दिवस तापाने झोपलं की बाकीच्या कॉलेजातला दीड-दोन आठवड्यांचा अभ्यास बुडाल्यासारखं.

मंदार: विल्यम्सचा माउंटन डे भारी असतो. ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी सकाळी घंटा वाजते, तास रद्द, सगळे डोंगरावर. कुठला शुक्रवार ते आधी सांगत नाहीत. पण शेजारचा ग्रेलॉक १,०६४ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ 😂

मनू: कोलोराडोचं पाइक्स पीक ४,३०२ 😎

आजी: थंडी किती असते तिकडे?

मनू: आजी, मिडलबरी कॉलेजची स्वतःची स्कीइंगची टेकडी आहे, म्हणजे बघ! फेब्रुवारीत प्रवेश घेतलेली मुलं पदवीच्या दिवशी गाऊन घालून तिच्यावरून स्की करत खाली येतात.

आजी: हाडं मोडतील.

आई: आता पैशांचं बोला कुणीतरी.

आत्या: वहिनी, मी त्यावरच येत होते. बोडिन २०२२ पासून परदेशी मुलांचाही अर्ज ऐपत न बघता वाचतं. कोलोराडो, मिडलबरीत आर्थिक मदत मागितली की प्रवेश ठरवताना तेही बघतात. माझं मत बोडिन. मेन राज्याचा खडकाळ किनारा आहे, आणि जिऑलॉजी न् समुद्रविज्ञान तिथे एकाच विभागात. मनूला डोंगरच हवा असेल तर मात्र हिरमुसेल.

मंदार: मुळशीच्या महिंद्रा यूडब्ल्यूसीची (युनायटेड वर्ल्ड कॉलेज) मुलं स्कॉलरशिपवर जातात ना या कॉलेजांत?

आत्या: ती डेव्हिस स्कॉलरशिप. फक्त यूडब्ल्यूसीवाल्यांना मिळते, मनूला नाही.

बाबा: मग बोडिनला अर्ली डिसिजन टाकूया?

आत्या: दादा, घाई नको. अर्ली डिसिजनमध्ये प्रवेश मिळाला की जायचंच असतं, बाकीचे अर्ज मागे घ्यावे लागतात. मनू, आधी चारही कॉलेजच्या आउटिंग क्लबला मेल कर. तंबू, स्लीपिंग बॅग, बूट उसने मिळतात का, सहलीला किती पैसे पडतात, कधीच ट्रेक न केलेल्यांना नेतात का. उत्तर कोण देतं तेही बघ, ऑफिस की मुलं.

मनू: आज रात्रीच करते.

बाबा: मग रविवारी सगळे व्हिडिओ कॉलवर बसूया.

आई: रविवारी नाही. सोमवारी तिचा केमिस्ट्रीचा पेपर आहे.