मदत हवी आहे : अपघातानंतरची पहिली दहा मिनिटं सांभाळायला गावात कोण शिकवेल?

नमस्कार मंडळी. मी आष्ट्याजवळच्या एका गावातला. पेठ-सांगली रस्ता आमच्या शिवाराला लागूनच जातो.

गेल्या हंगामात रात्री साडेनऊला पंक्चर होऊन कडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर एक पोरगं मोटरसायकलसकट मागून आदळलं. ट्रॉलीला ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. आवाज ऐकून आम्ही पाच-सहाजण पळालो. मांडीतून रक्त भळाभळा वाहत होतं. कुणी पाणी पाजतंय, कुणी कांदा हुंगवतंय. शेवटी हातपाय धरून जीपमध्ये घातलं. सांगली येईपर्यंत गेला बिचारा. माझ्या खांद्यावर टॉवेल होता. तो जखमेवर दाबून धरायचं मला सुचलं नाही, हे अजून झोपू देत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा २०२३ चा अहवाल वाचला. जगात वर्षाला सुमारे ११.९ लाख माणसं रस्त्यावर मरतात, त्यातली ९२ टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत. गाड्या मात्र या देशांत जगातल्या साधारण ६० टक्केच. भारतात २०२२ साली १,६८,४९१ माणसं गेली. हे सगळं नशिबाच्या नावावर टाकायला मी तयार नाही.

गावातली वीसेक पोरं शिकायला तयार आहेत. १०८ ची गाडी येईपर्यंत काय करायचं, पेटीत काय ठेवायचं, शिकवायला कोण येईल? शिवाय पोलिसांच्या झेंगटाला लोक घाबरतात. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय, पण गावात पटत नाही कुणाला.

कृष्णाकाठ : दादा, मी कराडला परिचारिका आहे. आधी १०८ लावा. स्वच्छ कापड जखमेवर तळहातानं जोर लावून दाबा, सारखं उघडून बघू नका. भिजलं तर वरूनच दुसरं ठेवा. पाणी पाजू नका, मान वाकू देऊ नका. रक्तस्राव रोखणारं ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड दवाखान्यात तीन तासांच्या आत मिळालं तर फायदा होतो, म्हणून वेळ घालवू नका. रेडक्रॉस प्रथमोपचाराचे वर्ग घेते. ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर त्यांना पत्र द्या, एक प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना.

शिवारकर (धागाकर्ता) : ताई, उपकार झाले. उद्याच सरपंचांकडे जातो. ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावायचं कारखान्याच्या गळी कुणी उतरवलं असेल, तर तेही सांगा. हंगाम तोंडावर आलाय.