मदत हवी आहे: दक्षिण इटलीत गाडीशिवाय शांत किनारा, आशेआ की शिल्ला?

सप्टेंबरच्या उत्तरार्धात आई-बाबांसोबत 5 रात्री एकाच गावात राहायचंय. बाबांचे गुडघे दुखतात, त्यामुळे चिंक्वे तेर्रे आणि आमाल्फी आधीच बाद: गर्दी आहेच, पण पायऱ्या त्याहून वाईट. गाडी चालवणार नाही, म्हणून नेपल्सहून दक्षिणेला जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचीच गावं पाहिली. पालिनुरो आवडलं होतं, पण पिशोत्ता-पालिनुरो स्टेशन गावापासून लांब आणि पुढे बसवर अवलंबून, म्हणून सोडलं.

आता दोनच उरलीत. चिलेंतोमधलं मरीना दि आशेआ: सपाट, लांब वाळूचा किनारा, स्टेशन जवळ, शेजारी वेलियाचे ग्रीक अवशेष. दुसरं कालाब्रियातलं शिल्ला: स्टेशन किनाऱ्यालगत, कियानालेआची कोळीवस्ती फारच सुंदर, पण वरचं गाव चढावर.

आम्ही शाकाहारी आहोत, अंडं चालतं, मासे नाहीत. स्वयंपाकघर असलेली खोली घेणार, त्यामुळे किराणा चालत जाण्याच्या अंतरावर हवा. व्हिसाच्या अर्जासाठी बुकिंग लवकर ठरवायचंय.

सप्टेंबरअखेर तिथे राहिलेल्यांनी सांगावं: आशेआत तेव्हा किराणा आणि खानावळी चालू असतात, की हंगाम संपल्यावर गाव ओस पडतं? आणि शिल्लाला किनाऱ्याजवळच राहिलं, तर रोजची चढण टळते का?