उंच चालकासाठी मोटारसायकलवरील वाऱ्याचा आवाज आणि डोक्याला बसणारे धक्के कसे कमी करावेत? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी पेडणे तालुक्यात राहतो. माझी उंची सहा फूट तीन इंच, म्हणजे सुमारे १९० सेंटिमीटर आहे आणि त्यातही पायांच्या मानाने धड लांब आहे. कामानिमित्त मला पत्रादेवीमार्गे कुडाळ-कणकवलीकडे आणि अधूनमधून चोर्ला घाटातून बेळगावला मोटारसायकलने जावे लागते. गावातल्या रस्त्यांवर, अगदी म्हापशापर्यंतही, काही त्रास जाणवत नाही. परंतु राष्ट्रीय महामार्ग ६६ च्या चौपदरी भागात वेग ताशी ८० किलोमीटरच्या पुढे गेला की हेल्मेटमध्ये गडगडाट सुरू होतो आणि डोके असे गदागदा हलू लागते की समोरच्या फलकावरची अक्षरेही स्थिर दिसत नाहीत. घरी पोचल्यावर कितीतरी वेळ कानांत गुंई वाजत राहते. मला खरी काळजी आहे ती याचीच, कारण दुखरी मान विश्रांतीने बरी होते, पण मोठ्या आवाजाने गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

कारण समजून घेण्यासाठी मी विंडस्क्रीन (समोरून येणारा वारा अडवणारी काच) काढून त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने गाडी चालवून पाहिली. छातीवर वाऱ्याचा जोर भरपूर आला, परंतु डोके स्थिर राहिले आणि आवाजही गडगडाटाऐवजी एकसारखा सूं असा येऊ लागला. स्क्रीन परत बसवल्यावर पुढे वाकून डोके साधारण एक वीत खाली नेले की जवळपास शांतता होते. उलट पाय ठेवायच्या दांड्यांवर उभे राहिले तरीही धक्के थांबतात. यावरून माझ्या मते चित्र स्पष्ट आहे. स्क्रीनच्या वरच्या कडेवरून सुटणारी हवा, ओहोळातल्या खडकामागे पाणी गरगरते तशी, भोवरे घेत मागे येते आणि या भोवऱ्यांचा पट्टा नेमका माझ्या हनुवटीपासून कपाळापर्यंतच्या उंचीवर पडतो. सर्वसाधारण उंचीच्या माणसाचे डोके त्या पट्ट्याच्या खाली, शांत हवेत राहते. शिवाय स्क्रीनच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि ती पोकळी भरून काढण्यासाठी बाजूंनी व खालून हवा आत खेचली जाते, त्यामुळे धक्के आणखी वाढतात. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ७० वरून १०० वर जाताना तो दुप्पट होतो. त्रास एकाएकी वाढल्यासारखा वाटतो तो यामुळेच.

आवाजाबाबत वाचलेले आकडे गंभीर आहेत. ताशी १०० किलोमीटरच्या आसपास चांगल्या हेल्मेटच्या आतही ९५ ते १०० डेसिबलपर्यंत आवाज असू शकतो. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेतील नायॉश या संस्थेने ८५ डेसिबलला आठ तासांची मर्यादा सुचवली आहे आणि पुढच्या प्रत्येक ३ डेसिबलला ती निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे. फोमचे इअरप्लग मी आता नियमित वापरतो आणि उंच असो वा ठेंगणा, महामार्गावर जाणाऱ्या प्रत्येकाने ते वापरावेत असे मला मनापासून वाटते. वाऱ्याचा गोंगाट दबल्यामुळे मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न उलट अधिक स्वच्छ ऐकू येतो. तथापि इअरप्लगने धक्के थांबत नाहीत.

आता माझा पेच असा आहे. अधिक उंच स्क्रीन लावून डोके शांत हवेत घ्यावे, की मुळातली स्क्रीनच कापून किंवा आखूड लावून डोके सरळ स्वच्छ वाऱ्यात ठेवावे? उंच स्क्रीन म्हटले की गोव्यातल्या हवामानाचे दोन अडथळे समोर येतात. एप्रिल-मेच्या उकाड्यात अंगावर वाराच आला नाही तर जाड जॅकेटमध्ये बसवत नाही. आणि वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात स्क्रीनमधून आरपार पाहायची वेळ येऊ नये, कारण रात्री समोरच्या दिव्यांत पाण्याचे थेंब चमकले की रस्ताच दिसेनासा होतो. म्हणजे वरची कड नजरेच्या रेषेपेक्षा निदान चार बोटे खाली हवी. माझ्या उंचीला या मर्यादेत बसूनही भोवरे डोक्यावरून जातील अशी स्क्रीन मिळते का? आखूड स्क्रीन वापरणाऱ्या उंच सभासदांनी बेळगाव-पुणे एवढ्या अंतरावर छाती आणि खांदे कितपत थकतात हेही कृपया सांगावे.

मधला मार्ग म्हणून स्क्रीनच्या कडेवर चिमट्याने बसवायची छोटी काच आणि स्क्रीनच्या पायथ्याशी वॉशर घालून हवेसाठी फट ठेवणे, असे दोन उपाय सुचवले गेले. फटीमुळे मागची दाबाची पोकळी भरून निघते हे मला पटते. फट किती ठेवावी, आणि त्यामुळे स्क्रीन थरथरते का, याचा कोणाला अनुभव आहे का?

हेल्मेटविषयी थोडेसे. माझे हेल्मेट मापात घट्ट आहे, त्याला वर टोपीसारखी झडप नाही आणि हनुवटीखालचा पडदा लावल्यावर मानेकडून येणारा आवाज बराच कमी झाला. मात्र पावसाळ्यात पडद्यामुळे काचेवर वाफ धरते, म्हणून तो तेव्हा काढून ठेवावा लागतो.

भर: प्रतिसादांत दोन गोष्टी विचारल्या गेल्या, त्यांची उत्तरे येथे देतो. सीटमधला फोम कमी करून खाली बसण्याचा विचार मी केला होता, परंतु माझे गुडघे आताच जास्त दुमडलेले असतात आणि आणखी दुमडले तर तासाभरात दुखू लागतील, म्हणून तो मार्ग मी बाजूला ठेवला आहे. हँडल उंच करणारे राइझरही नकोत, कारण ताठ बसल्यावर डोके आणखी वर जाते. दुसरे, पत्नी मागे बसल्यावर त्रास बदलतो का? होय, स्पष्टपणे वाढतो. मागचे सस्पेन्शन दबून गाडीचा पुढचा भाग उचलला जातो आणि स्क्रीनचा कोन बदलतो, असे मला वाटते. मागचा प्रीलोड, म्हणजे सस्पेन्शनच्या स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, वाढवून हा फरक भरून काढता येतो का, हे कोणी करून पाहिले असल्यास जरूर कळवावे. उत्तर देताना आपली उंची आणि शक्य असल्यास सीटपासून डोळ्यांपर्यंतचे अंतरही लिहावे, कारण सारख्याच उंचीच्या दोघांना एकच स्क्रीन अगदी वेगळी लागू पडते.